उपाशी ठेवायची ओळ

केप टाउनच्या धक्क्यावर जहाजात चढण्यापूर्वी प्रत्येकाचे बूट, मोजे आणि खिसे हवा ओढणाऱ्या यंत्राने साफ केले जातात. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर बाहेरचे बी जाऊ नये, हा त्यामागचा नियम. माझ्या मोज्यांतून कुसळे निघाली. तपासणाऱ्या बाईंनी ती चिमट्यात धरून उजेडात पाहिली आणि कोणत्या देशातली, असे विचारले. देश सांगितला. बांधही सांगता आला असता. निघण्यापूर्वी पलूसला एका द्राक्षबागेच्या बांधावरून चाललो होतो, तिथली ती होती.

रांगेत मागे दस्तगीर मुलाणी उभे होते. ते म्हणाले, "आवं पत्रकार, आपल्या कुसळाला बी पासपोर्ट लागतोय म्हनायचा."

ज्याच्या बांधावरची ती कुसळे, त्या शेतकऱ्याची मुलगी वैशाली सूर्यवंशी रांगेत आमच्या पुढे होती. ती समुद्रजीवांची संशोधक. मुलाणी उंब्रजचे, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, शीतयंत्रांचे मिस्त्री. मी सांगलीत बातम्या लिहितो. तिकडे निघालेल्या या संशोधन मोहिमेत देशभरातली माणसे होती. मराठी बोलणारे आम्ही तिघेच.

धक्का सुटल्यावर दुसऱ्या दिवसापासून जमीन दिसेनाशी झाली आणि पुढे बरेच दिवस सांगण्यासारखे काही दिसले नाही. पाणी गडद निळे. मागे लागलेले काही पक्षी सोडले तर त्या पाण्यावर जिवंत असे काही नव्हते. सांगलीहून नेलेल्या भडंगाचा डबा खोलीत उघडा राहिला आणि भडंग दमट हवेने मऊ पडले. मुलाणींनी ते भटारखान्यात नेऊन तव्यावर परतून आणले. ते खात आम्ही तिघे मागच्या डेकवर उभे होतो.

"एवढं पानी, आन मासा न्हाई," मुलाणी म्हणाले.

"मामा, निळं पाणी म्हणजे माणदेश समजा," वैशाली म्हणाली. "दिसायला चांगलं, पण खायला काही नाही. ऊन आहे, खत नाही. थोडं खाली चला, मग पलूस लागेल."

तिने पुढे जे सांगितले ते असे. ध्रुवाजवळच्या थंड समुद्रात खोलातले पाणी वर येते आणि तळाचे क्षार सोबत आणते. उन्हाळ्यात तिथे दिवस मावळत नाही. खत आणि ऊन एकत्र आले की वनस्पती प्लवक वाढतात. हे डोळ्यांना न दिसणारे, पाण्यासोबत वाहणारे शेवाळाचे कण. तेच तिथले गवत. ते गवत क्रिल खातात, आणि क्रिलवर पेंग्विन, सील, देवमासे जगतात. क्रिल हा कोळंबीसारखा दिसणारा, करंगळीएवढा प्राणी. मधली पायरी हीच. ती निखळली तर वरचे सगळे खाली येते.

पलूस लागले ते सकाळी. पाणी रात्रीतून बदलले होते. निळा रंग जाऊन हिरवट, थोडा तपकिरी, पावसाळ्यात ओढ्याला येतो तसा रंग आला होता. हवेत काकडी चिरल्यासारखा आणि त्यात थोडा कुजका असा वास होता. दूरवर तीन ठिकाणी देवमाशांचे फवारे उडताना दिसले. त्यापुढे क्षितिजावर पांढरी रेघ होती, तो बर्फ.

बर्फाच्या कडेला जाळे सोडले. बारीक विणीचे, शेवटाला बरणी लावलेले लांबट जाळे. ते वर आले तेव्हा बरणीत फिकट गुलाबी काहीतरी उकळत असल्यासारखे हलत होते. जवळून पाहिल्यावर एकेक प्राणी वेगळा झाला. काळे टपोरे डोळे, अंग काचेसारखे, पायांची एकसारखी हालचाल. पाठीजवळ आतून एक हिरवी रेघ जाते. ते त्याचे आतडे आणि त्यातले खाल्लेले शेवाळ. क्रिलने जेवण केले की नाही, हे विचारावे लागत नाही, दिसते.

"कालवण कवा करायचं ह्येचं?" मुलाणींनी विचारले.

"ह्यांचं नाही करायचं. हे पाहुणे आहेत," वैशाली म्हणाली.

हे वाक्य तिने सहज म्हटले.

पाहुण्यांची खोली म्हणजे डेकवरचा एक कंटेनर. आत मंद दिवा आणि गोठणबिंदूच्या जवळ ठेवलेले वाहते पाणी. त्यात काचेच्या बरण्या, प्रत्येक बरणीत एक लहान क्रिल. बरण्यांच्या दोन ओळी होत्या. एका ओळीला रोज ड्रॉपरने शेवाळाचे हिरवे पाणी द्यायचे. दुसरीच्या झाकणांवर लाल पट्टी. तिला काही द्यायचे नाही.

प्रश्न साधा होता. हिवाळ्यात तिकडे ऊन नसते, पाण्यात गवत उगवत नाही. तेव्हा क्रिलची पिल्ले बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटून वाढलेले शेवाळ खरवडून खातात. आता काही हिवाळ्यांत बर्फ उशिरा धरतो, काही भागांत धरतच नाही. मग पिल्ले उपाशी किती काळ काढतात? क्रिल भुकेला एक विचित्र उत्तर देतो. साप कात टाकतो तशी तो टाकतो, पण उपाशी असला तर नव्या कातडीत तो आधीपेक्षा लहान असतो. अंग आकसून तो दिवस ढकलतो. बरणीत पडलेली प्रत्येक कात वैशाली सूक्ष्मदर्शकाखाली मोजणार होती. उपास लांबला तरच आकसणे ठळक दिसते, म्हणून हा प्रयोग संपूर्ण सफर चालायचा होता. तिची संशोधनाची शिष्यवृत्ती या वर्षी संपत होती. पुढच्या मोहिमेत जागा मिळायची तर या बरण्यांतून काहीतरी निघायला हवे होते. हे तिने पलूसलाच, वडिलांसमोर सांगितले होते.

कंटेनरचे शीतयंत्र मुलाणींच्या ताब्यात. दिवसातून अनेकदा ते आत जात, काटा पाहत आणि बरण्यांपुढे थोडा वेळ उभे राहत.

पहिल्या तळावर, म्हणजे बर्फावरच्या संशोधन केंद्रावर, सामान उतरवायला बरेच दिवस गेले. जहाज बर्फाच्या भिंतीला टेकून उभे होते. भिंतीपलीकडे पांढऱ्याशिवाय काही नाही. काम संपले की माणसे आपापल्या खोलीत जात आणि दार लावत. जेवणाच्या टेबलावर सुरुवातीला गप्पा होत, पुढे त्या कमी झाल्या. घरी बोलायला उपग्रहाचा एक फोन होता. त्यावर शब्द उशिरा पोचतो. आपण विचारायचे आणि थांबायचे. उत्तर येईपर्यंत आपण दुसरे काही विचारलेले असते. मुलाणींचा फोन मोठ्या आवाजात चाले, त्यामुळे तो सर्वांना ऐकू येई.

"म्हस कशी हाय?"

बराच वेळ काही नाही. मग पलीकडून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "आवं, म्हशीचंच इचारताय व्हय? माजं न्हाई काय?"

"तू बोलायलीस म्हंजे बरी हाईस. म्हस बोलत न्हाई, म्हनून इचारलं."

पुन्हा शांतता. ती किती वेळ उपग्रहाची आणि किती वेळ त्यांच्या पत्नीची होती, ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या तळाकडे जाताना जहाजाला बर्फ सोडून मोकळ्या पाण्यात यावे लागले. तिथे वाऱ्याने गाठले. ताटे टेबलावरून घसरली, खुर्च्या साखळीने बांधल्या. वैशालीला बोट लागली, ती फार लागली. पोटात पाणी ठरेना. डॉक्टरांनी सलाइन लावले आणि अंथरुणातून उठायला मनाई केली. तिने मुलाणींना बोलावून घेतले. मी दाराशी होतो.

"मामा, बिनपट्टीच्या ओळीला सकाळी ड्रॉपरने हिरवं पाणी. लाल पट्टीला कायबी द्यायचं न्हाई हं."

"न्हाई द्यायचं. झोपा तुमी, ताई."

वारा बरेच दिवस टिकला. जहाज पुन्हा बर्फात शिरले आणि डुलणे थांबले, तेव्हा ती भिंतीला धरत कंटेनरपर्यंत गेली. मी आणि मुलाणी सोबत होतो. तिने लाल पट्टीची पहिली बरणी उचलून दिव्यासमोर धरली. मग दुसरी. मग ओळीतली शेवटची. आतल्या प्रत्येक प्राण्याच्या पाठीत हिरवी रेघ होती. भरलेली, ठळक.

"दस्तगीरमामा, ह्या ओळीला कुणी खायला घातलं?"

"मी."

"मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलंतं. खरं हाय." मुलाणींनी टोपी काढून हातात घेतली. आवाज मात्र पडला नव्हता. "पर तुमी पडून. आज उटतील, उंद्या उटतील म्हनून वाट बगितली. शेजारच्या बरण्या हिरव्यागार, आन ही बापडी कोरडी. मालक आजारी पडला म्हनून दावणीचं जनावर उपाशी ठिवत्यात व्हय? शेजारी वैरण टाकतोच की."

दावण म्हणजे गुरे बांधण्याची जागा, वैरण म्हणजे चारा. मुलाणींच्या आणि आमच्या, दोन्ही जिल्ह्यांत ही रीत आहे. घरधनी अंथरुणाला खिळला तर शेजारी न विचारता त्याच्या गोठ्यात पेंढी टाकून जातो. त्याबद्दल कोणी आभार मानत नाही. न टाकणाऱ्याबद्दल मात्र गावात बोलले जाते. वैशालीला हे सांगावे लागणार नव्हते.

"मामा, ती उपाशीच ठेवायची होती. त्यासाठीच तर आणली होती."

"त्येच मला झेपंना, ताई. समुद्रात उपाशी मेली तर ती वरच्याची मर्जी. आपल्या बरणीत मेली तर आपल्या माथी."

तिने बरणी जागेवर ठेवली. "तुम्ही जा आता," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मुलाणी तिला मॅडम म्हणू लागले.

मोहिमेचे प्रमुख बंगालकडचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी वैशालीचे म्हणणे ऐकून घेतले आणि जहाजाचा वेळ कोणाकोणाला देऊन झाला आहे, ते सांगितले. तरी जाळ्याची एक फेरी दिली. एकच. नवे क्रिल मिळाले तर उरलेल्या सफरीत नवी ओळ लावता येणार होती.

जाळे संध्याकाळी सोडले. ते ओढणाऱ्या यंत्रावर मुलाणी स्वतः जाऊन उभे राहिले. त्यांना कोणी सांगितले नव्हते. जाळे जड आले, तेव्हा डेकवर कोणीतरी टाळी वाजवली. बरणी उघडली तर आत साबुदाण्याची खीर ओतल्यासारखा पारदर्शक गोळा होता. सॅल्प. पोकळ, छोट्या पिंपासारखे दिसणारे, पाणी गाळून जगणारे जीव. पाणी उबदार झाले, बर्फ कमी झाला की क्रिलच्या जागी हे वाढलेले दिसतात. वैशालीने हातमोजा घालून तो गोळा पूर्ण चाचपला. त्यात एकही क्रिल नव्हता. तिने यंत्रावरच्या माणसाकडे पाहिले नाही. मुलाणी खाली उतरले आणि डेक धुवायला पाण्याची नळी घेऊन आले.

"ह्ये कुनी खात न्हाई का, मॅडम?"

"खातात थोडे. पोट भरत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने उरलेल्यात जे करता येईल ते केले. बिनपट्टीची ओळ पहिल्यापासून खात आली होती. तिची नोंद स्वच्छ होती. त्यातल्या निम्म्या बरण्यांवर तिने लाल पट्ट्या लावल्या आणि त्यांचे खाणे बंद केले. उपासाला आता अर्ध्याहूनही कमी काळ मिळणार होता. पहिली लाल ओळ तिने फेकली नाही, पण तिच्यावर पिवळी पट्टी चिकटवून ती बाजूला सरकवली. मध्येच खाणे मिळाल्याने ती ओळ आता तिच्या कामाची नव्हती.

ती हे करत असताना मुलाणी दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, कुलूप लावा. किल्ली माज्याजवळ ठिवू नका."

"यंत्र बघायला यावंच लागेल तुम्हाला."

"येतो की. पर पत्रकारास्नी संगं द्या. माजा मला भरवसा न्हाई."

अशा रीतीने मला त्या जहाजावर एक काम मिळाले. मुलाणी आत असताना आत उभे राहायचे.

दुसरा तळ जिथे आहे ती जागा नकाशावर पाहण्यासारखी आहे. उंब्रजवरून सरळ दक्षिणेला रेघ ओढली तर आपला किनारा सोडल्यावर मध्ये कुठेही जमीन न लागता ती या किनाऱ्याच्या जवळपास येऊन टेकते. घड्याळातही फारसा फरक पडत नाही. रमजानचा महिना सुरू झाला तेव्हा मुलाणींना ते सोयीचे झाले. त्यांनी रोजा उंब्रजच्या वेळेने धरला. तिकडे पत्नी ज्या क्षणी खजूर तोंडात घालत असे, त्याच क्षणी हे इथे घालत. बाहेर सूर्य अजून बर्फावर असे.

"मावळला न्हाई अजून," मी एकदा म्हटले.

"हितला न्हाई मावळला. आमचा मावळला." त्यांनी मला एक खजूर दिला. "येकट्यानं सोडायचा जिवावर येतं. तिकडं ती येकटी, हितं मी. टाईम तरी येक असू दे."

दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेला हा माणूस रोज उपाशी बरण्यांपुढे उभा राही. काटा पाहून झाला तरी लगेच निघत नसे. एके दुपारी त्यांनी एका बरणीवर बोट ठेवले. आतल्या प्राण्याच्या पाठीतली रेघ आता दिसत नव्हती. तो पूर्ण काचेचा झाला होता.

"रोजा मानसानं धरायचा," ते म्हणाले. "जनावराला रोजा नसतो. त्येला कुटं म्हाईत, संध्याकाळी सुटनार हाय म्हनून?"

हिरव्या पाण्याची बाटली त्यांच्या हाताच्या अंतरावर होती. ते तिच्याकडे पाठ करून बाहेर आले.

परतीच्या प्रवासात नव्या लाल ओळीत दुसऱ्या काती पडू लागल्या. वैशाली एकेक कात पाण्यातून उचलून काचेवर पसरवी आणि मोजमाप लिहून घेई. पहिल्या काही प्राण्यांत आधीच्या आणि नंतरच्या कातीत फरक नव्हता. पाणी हिरव्याचे निळे झाले. ईद समुद्रातच झाली. भटारखान्याने शेवयांची खीर केली आणि मुलाणींनी ती सर्वांना वाढली. केप टाउन जवळ आले तेव्हा तिने मला आणि त्यांनाही सूक्ष्मदर्शकापाशी बोलावले. एकाच प्राण्याच्या लागोपाठच्या दोन काती शेजारी ठेवल्या होत्या. नंतरची आखूड होती. पाहणाऱ्याला मोजपट्टीची गरज नव्हती.

मुलाणींनी बराच वेळ डोळा लावून पाहिले. "कमी झालाय गडी," ते म्हणाले.

"हो."

"म्हंजे तुमचं काम झालं?"

"एकावर काही सिद्ध होत नाही, मामा. असे पुष्कळ लागतात. त्याला अजून वेळ लागला असता."

धक्क्याला लागण्यापूर्वी तिने सगळ्या बरण्यांत औषध घालून ते जीव मारून जतन केले. बाहेरचे जिवंत प्राणी तिथे उतरवता येत नाहीत. त्या वेळी मुलाणी आत आले नाहीत.

मुंबईहून आम्ही भाड्याच्या एकाच गाडीने निघालो. वाटेतला शेवटचा घाट उतरल्यावर उन्हाची झळ काचेतून लागू लागली. रानातला ऊस तुटून गेला होता, पाचट जाळल्याचे काळे पट्टे दिसत होते. इतके रंग एकदम पाहायची सवय मोडली होती.

उंब्रजला मुलाणींनी गाडी थेट घरापर्यंत न्यायला लावली. चहा घेऊन निघतो, असे वैशाली म्हणाली. त्यांच्या पत्नीने ते ऐकले नाही. भाकरी, मटणाचा रस्सा, कांदा. पहिला घास होईपर्यंत त्या समोर बसून राहिल्या.

"लय वाळलीस गं पोरी. ह्यांनी सांबाळलं न्हाई का तिकडं?"

"सांभाळलं की," वैशाली म्हणाली. "जास्तच सांभाळलं."

मुलाणी हसले नाहीत. हात धुवायला आम्ही परसात गेलो तेव्हा मी त्यांना विचारले, की हे सगळे लिहिणार आहे, नाव घालू का?

"घाला की. चोरी किलीया का काय मी?" हात पुसत ते म्हणाले, "ताईंचं नुकसान झालं, त्ये बी लिवा. पर पुन्यांदा त्याच जागी हुभा किला, तर पुन्यांदा मला कुलूपच लावावं लागंल, ह्ये बी लिवा."

पुढे आम्ही दोघे पलूसला पोचलो. बेदाण्याच्या शेडवर तिचे वडील काम करत होते. जाळ्यांवर द्राक्षे वाळत होती, हिरव्याची पिवळी होऊन आकसत चालली होती. वडिलांनी हातातले काम न सोडता विचारले, "झालं का गं काम?"

"अर्धंबी न्हाई, आबा."

"मग परत जायचं?"

"घेतलं तर."

ते मान हलवून पुन्हा जाळीकडे वळले. मला निरोप देताना ती म्हणाली, की अहवालात दुसऱ्या ओळीला अन्न मिळाले एवढेच ती लिहिणार आहे. अशा ठिकाणी 'मानवी चूक' लिहिण्याचा प्रघात आहे. त्या दोन शब्दांपैकी दुसरा तिला लिहवत नव्हता. पहिला एकटा लिहिला तर अहवाल तपासणारे विचारतील, म्हणून तोही गाळायचा.

सांगलीपर्यंत गाडीत मी एकटा होतो. घरी आल्यावर दारे-खिडक्या उघडल्या, भांडी घासली, आणि हे लिहायला बसलो. तिकडे आता हिवाळा लागला असेल. सूर्य दिवसेंदिवस कमी वर येत असेल. यंदा बर्फ वेळेवर धरला की नाही, हे उपग्रहाच्या चित्रांत दिसेल. त्याच्या खालच्या अंगाला गवत आहे का, आणि पिल्लांच्या पाठीत हिरवी रेघ आहे का, हे त्यांत दिसत नाही. ते पाहायला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथे कोणी जाणार नाही. जाणाऱ्यांत वैशाली असेल की नाही, हे अजून ठरलेले नाही.